पाच मिनिटांचं पाणी

मुंबईहून मडगावला निघालेली गाडी थिवी सोडते, तोवर डब्यात आवराआवर सुरू झालेली असते. बाकाखालच्या बॅगा ओढल्या जातात, चपलांचे जोड शोधले जातात, कोणी उरलेल्या चकल्यांच्या डब्याचं झाकण दाबून बसवत असतं. नेमकं तेव्हाच खिडकीबाहेर पाणी येतं, मग भातखाचरं आणि माड, आणि पुन्हा पाणी. लगेच करमळी. त्या दोन पाण्यांमधली जमीन म्हणजे दिवाडी बेट. कोकण रेल्वे त्याच्यावरून जाते, पण तिथे स्टेशन नाही. मुख्य भूमीला जोडणारा पूल म्हणावा तर हा रेल्वेचाच, आणि त्याचा बेटाला काडीचा उपयोग नाही. ज्याला दिवाडीला जायचंय त्यानं करमळीला उतरावं, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर यावं आणि फेरीबोट धरावी.

मांडवीच्या खाडीत अशी बेटं एकमेकांना खेटून आहेत. दिवाडी, चोडण, चिमुकलं वांशी, आणि कागदोपत्री सांत इस्तेव झालेलं जुवे. या हिवाळ्यात तिकडे दोन दिवस जायचं आमच्या घरात ठरलं आणि वहिनीनं वही काढली. तिचा पहिला प्रश्न होता, "पॉइंट किती?" महाबळेश्वरानं आपल्याला लावलेली ही सवय. ठिकाण म्हटलं की त्याचे पॉइंट मोजायचे, आणि ते दुपारच्या जेवणाआधी उरकायचे. पणजीच्या आत्याला फोन लावला तर ती हसायलाच लागली. "पॉइंट कसले गो? शेतं आहेत, जुनी घरं आहेत, टेकडीवर चर्च आहे. पाच मिनिटांत पलीकडे. त्याला वही कशाला?"

आत्याचं म्हणणं पणजीकरांच्या दृष्टीनं रास्तच आहे. फेरीबोट त्यांच्या रोजच्या जगण्यातली. बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर करकरत टेकते, आतली माणसं आणि वाहनं बाहेर पडतात, बाहेरची आत शिरतात. दुचाकीवाले खाली उतरत नाहीत, हेल्मेटही काढत नाहीत. एक पाय टेकवून मोबाइल बघत उभे राहतात. मासळीची पाटी कठड्याशी ठेवून एखादी बाई शेजारणीशी कालचं भांडण पुढे चालू करते. ते मिटायच्या आत पलीकडचा धक्का येतो.

पण याच पाच मिनिटांच्या पाण्यानं केवढी कामं केली आहेत! दिवाडीवरच्या नार्व्यात सप्तकोटेश्वराचं मोठं देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं ते कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवरही या देवाचं नाव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं. तेव्हा भाविकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही, आणि मध्ये एवढंसं पाणी. नव्या जागेचं नावही नार्वेच. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आज दिवाडीच्या नार्व्याहून फेरीबोट पलीकडच्या नार्व्याला जाते. देव गेला ती वाट आता सगळ्यांना खुली आहे.

त्या जीर्णोद्धारानंतर पंधरा वर्षांनी याच पाण्यानं उलट बाजूची पाठराखण केली. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजीराजांच्या फौजेनं जुव्याचा किल्ला घेतला. तो परत मिळवायला गेलेला व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर मार खाऊन माघारी आला आणि त्यानं आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या शवपेटीपाशी ठेवला. आता शहर तुम्हीच सांभाळा, असा त्याचा अर्थ. जुन्या गोव्याची राजधानी समोर दिसत होती, पण मध्ये नदी होती आणि नदीला भरती होती. त्या पाण्यात घोडा घातलेल्या संभाजीराजांना खंडो बल्लाळांनी वाचवलं, अशी कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. पुढे शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरली, राजांना तिकडे वळावं लागलं, आणि गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. ज्या पाण्यानं एक देव वाचवला, त्यानंच देव हुसकावणाऱ्यांची राजधानीही वाचवली. पाण्याला बाजू नसते. त्याला फक्त वेळ असते, आणि ती ज्याला साधली त्याचं ते होतं.

बेटावरचे शेतकरी हे कोणत्याही सेनापतीपेक्षा चांगलं जाणतात. इथली शेती खाजनातली, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीतली. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्यानं दारं आतल्या बाजूला बंद होतात आणि खारं पाणी शेताबाहेर अडतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा उघडायचं आणि दोनदा मिटायचं, आणि तेही कुणी हात न लावता. बांधाला भगदाड पडलं तर मिठानं जमीन नासते, मग खारेपण सोसणारं कोरगुट भातसुद्धा तग धरत नाही.

तेव्हा आमची वही निरर्थक नव्हती, रकाने तेवढे बदलायला हवे होते. 'पॉइंट' खोडून तिथे 'पाणी' लिहिलं. खरी अडचण चोडणची होती. बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. होडी आतल्या अरुंद पाटांत शिरायची तर भरती हवी. पक्षी चिखलात उतरून टिपताना पाहायचे तर ओहोटी हवी. तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली आणि त्यांच्या मधून निवट्या परांवर सरपटत चाललेल्या, हेही पाणी सरल्यावरच दिसतं. म्हणजे भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटी लागेस्तोवर रेंगाळायचं.

यासाठी आम्ही कालनिर्णय काढलं. भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतं, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज भरती सुमारे पाऊण तासानं पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. नदीत आत पाणी पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, पण अंदाजाला तेवढं पुरे. अष्टमी बाद झाली, कारण सहाला भरती म्हणजे ऐन दुपारी नुसता चिखल. एकादशीला सव्वाआठ, सुरेख वेळ. पण वहिनीचा उपवास, आणि दिवाडीला जाऊन माशाचं ताट परत पाठवायचं हे आत्याला खपलं नसतं. द्वादशीला पारणं. मार्गशीर्षात गुरुवार आड येतात. शेवटी पौष शुद्ध त्रयोदशी पक्की झाली. पावणेदहाला भरती, चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि दुसरा दिवस दिवाडीला. चोडणहून रायबंदरला परतायचं आणि तिथून नवी फेरी धरायची. शेवटची फेरी कितीची, ते आत्याला आधी विचारून ठेवायचं.

दिवाडीच्या टेकडीवरच्या पिएदाद चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, ते जुन्या देवळाचा अवशेष असल्याचं सांगतात. ते पाहायचं असं भावानं सुचवलं, आणि वहीत त्याची नोंद झाली. वहिनीनं समोर वेळ लिहिली नाही. टेकडीला भरती-ओहोटी नसते, तिथे कधीही चढता येतं.

राहता राहिला एक पेच. त्रयोदशी शाळेच्या दिवशी येते. पुतणीच्या रजेच्या अर्जात कारण काय द्यायचं, यावर घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाला, ताप लिहू या. वहिनी म्हणाली, बाईंशी खोटं नको. अर्ज तिनंच लिहिला: त्या दिवशी चोडणला भरती पावणेदहाला आहे, त्यामुळे कृपया दोन दिवसांची रजा मिळावी.