करूळचा घाट आणि आमची अ‍ॅम्बॅसेडर

कोल्हापूर सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागले की बालिंग्याजवळ भोगावतीचा पूल लागतो. माघ-फाल्गुनात या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो. कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या पुढे असतात, आणि वाड्यांचा वास गाडीत भरून राहतो. कळे गेले, साळवण आले की ऊस विरळ होऊ लागतो. भाताची रिकामी खाचरे, वरकस रानात नाचणीची धाटे, मग एकदम झाडी. पंचावन्न किलोमीटरच्या आत पिके बदलतात, मातीचा रंग बदलतो. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे शिरोळात लोक पावसाची वाट बघत आभाळाकडे डोळे लावून बसतात आणि इकडे गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कृषी खात्यात नोकरीला लागल्यापासून मी हा रस्ता कितीदा केला असेल त्याची मोजदाद नाही. पण सांगायची आहे ती १९९९ च्या महाशिवरात्रीची फेरी.

त्या वेळी आमच्या घरी अ‍ॅम्बॅसेडर होती, आजही आहे. १९७२ सालची मार्क टू. आबांनी ती १९८१ साली कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून उसाच्या बिलावर घेतली. तिचे इंजिन १४८९ सी.सी.चे, ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. माणसे भरून, डिकीत पोते टाकून बाजार करायला गाडी उत्तम. मात्र चढ आला की तिचा जीव घाबरायचा. कोकणातून परत येताना करूळच्या घाटात दोन वेळा तरी थांबावे लागे. बॉनेट उघडायचे, चाकामागे दगड लावायचा, रेडिएटर निवेपर्यंत आईने बांधून दिलेली भाकरी खायची. पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळायचे, कारण तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिन उचक्या देई. आम्हा मुलांना त्यात मजा वाटायची. दादाला मात्र ती लाज वाटे. मागून आलेला ट्रकसुद्धा हॉर्न वाजवत पुढे जायचा.

हिंदुस्थान मोटर्सने नव्वदीच्या सुरुवातीला अ‍ॅम्बॅसेडरला इसुझूचे १८१७ सी.सी.चे पेट्रोल इंजिन बसवले. पंचाहत्तर हॉर्सपॉवर, पाच गिअर आणि गिअरचा दांडा खाली जमिनीतून. त्याच जातीचे इंजिन काँटेसालाही होते. दादाने कुणाची तरी तशी गाडी चालवून पाहिली आणि त्याच्या डोक्यात ते इंजिन जे शिरले ते निघेना. १९९८ च्या दिवाळीनंतर त्याला मागून चेपलेल्या एका अपघातातल्या गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससकट मिळाले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी पाऊल टाकले नाही त्यांना सांगतो, तिथल्या गल्लीत उभे राहिले की चारी बाजूंनी लोखंड बोलत असते. एकीकडे लेथ, एकीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या, पलीकडे ओतकामाची काळी वाळू. शेतावरच्या ऑइल इंजिनाचा पार्ट मोडला की आमच्याकडचा शेतकरी तो पिशवीत घालून इथे येतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा घडवून घेऊन जातो. दादाने गाडी अशाच एका गल्लीतल्या मिस्त्रीकडे दिली. मी दोन-तीन वेळा बघायला गेलो होतो. चेन-कप्पीने जुने इंजिन वर उचलले तेव्हा बॉनेटखाली एवढी जागा मोकळी झाली की आत माणूस बसावा. नवे इंजिन आत बसले, पण ते जुन्या जागी कुठेच जुळेना. त्याचे माउंटिंग नव्याने वेल्डिंग करून घ्यावे लागले. गिअरबॉक्स लांब असल्याने मागच्या चाकाकडे जाणारा शाफ्ट कापून, लेथवर सरळ धरून पुन्हा जोडला. तो केसभर वाकडा राहिला तरी गाडी थरथरते. गिअरच्या दांड्यासाठी गाडीच्या तळाला भोक पाडले. रेडिएटर मोठा घातला, सायलेन्सरचा पाइप बदलला. सगळे मिळून अडतीस हजार रुपये गेले. त्या वर्षी आडसाली ऊस चांगला साधला होता म्हणून निभावले.

गाडी घरी आली तेव्हा आबांनी बाजूने एक फेरी मारली. बॉनेट उघडून पाहिले नाही. चाकाजवळ बसून विचारले, "ब्रेक कुठलं घातलंस?"

"हायती तीच की आबा. लायनर नवं घातल्यात."

"बैल खिलारी आनलास आनि गाडीला दांडी जुनीच," एवढे बोलून आबा उठले.

खरे तर हा प्रश्न मला सुचायला हवा होता. विहिरीवर तीनची मोटर काढून साडेसातची बसवतात आणि केबल तीच बारीक ठेवतात, मग ती जळते, हे मी गावोगावच्या सभेत सांगत फिरत होतो. घरातल्या गाडीबद्दल मात्र मी गप्प राहिलो. थोरल्या भावाच्या हौसेत तोंड घालू नये असे वाटले.

शिवरात्रीला देवगडजवळच्या कुणकेश्वराला जायचे ठरले. पुढे दादा आणि आबा, मागे आई, वहिनी, मी आणि वहिनीच्या मांडीवर पाच वर्षांची पुतणी. गगनबावड्यापर्यंत गाडी अशी गेली की आईसुद्धा म्हणाली, "पाण्यावरनं चालल्यागत चाललीया." बावड्याला चहा झाला. वर गगनगड उन्हात चमकत होता. इथून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, एक भुईबावड्याचा आणि दुसरा वैभववाडीला जाणारा करूळचा. कड्यावर उभे राहिले की खाली सगळे कोकण धुक्यात पसरलेले दिसते; देशावरच्या माणसाला तिथे क्षणभर पाय थबकल्यासारखे होतात.

दादा नव्या गाडीच्या तोऱ्यात होता. जुन्या इंजिनावर तो दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, कारण गाडीच तशी होती. आता तो चौथ्यात उतरू लागला. वळण आले की ब्रेक, सुटले की गाडी सुसाट, पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक. चार-पाच वळणे झाली आणि जळक्या चिंधीसारखा वास येऊ लागला. मी म्हटले, कुणाच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाआधी दादाने ब्रेक दाबला तो मऊ लागला, पाय खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला, तो तळाला टेकला. दादा काही बोलला नाही, पण आरशात मला त्याचा चेहरा दिसला.

आबा शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यात घाल. मग दुसऱ्यात. हँडब्रेक हळू वड."

तिसरा पडला. दुसरा पडताना गिअरबॉक्स किंचाळली. गाडीला हिसका बसला, वेग मोडला, तरी ती थांबेना. डाव्या हाताला दरी संपून डोंगर आला तशी दादाने गाडी डोंगराच्या चरीत घातली. बाजू घासत घासत ती दहा-बारा हातांवर उभी राहिली. पुतणीचा ओठ फुटला, वहिनीच्या कपाळाला टेंगूळ आले. आई मोठ्याने कुणकेश्वराचे नाव घेत होती. त्या वळणाच्या पुढे काय होते ते मी उतरून पाहिले आणि पुन्हा पाहायला गेलो नाही.

चाकांतून धूर येत होता. मी पाण्याचा डबा घेऊन निघालो तेवढ्यात वर येणारी एस.टी. थांबली. ड्रायव्हर उतरून ओरडला, "पानी वतू नगा, ड्रम तडकंल! तासभर तसंच ऱ्हाऊ द्या." त्याने दादाला एवढेच विचारले, "कुठल्या गिअरात हुता?" आणि उत्तर ऐकून मान हलवून निघून गेला.

त्या तासाभरात बसल्या बसल्या मला काय झाले ते उलगडले. गाडी थांबते म्हणजे तिच्या वेगातली शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आमच्या गाडीला चारही चाकांना बंद ड्रमचे ब्रेक. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पाय तळाला गेला. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकवरच येतो. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते एवढ्यासाठीच.

ड्रम निवल्यावर पाय पुन्हा घट्ट लागला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही वैभववाडीला पोचलो. तिथे ब्रेकमधली हवा काढून नवे तेल घातले. तळेरे, नांदगावमार्गे संध्याकाळी कुणकेश्वराचे दर्शन झाले. आंब्याला मोहोर होता, देवळामागे समुद्र गाजत होता, पण त्या दिवशी माझे लक्ष कशातच लागले नाही. पुतणी सुजल्या ओठाने यात्रेतले खाजे खात होती, तेवढे आठवते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. परतताना त्याच घाटात ही गाडी एकदाही न थांबता, पाणी न मागता वर आली. जिथे आम्ही पूर्वी दगड लावून भाकरी खायचो ती जागा मागे गेली तेव्हा दादाने आबांकडे पाहिले. आबा खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा उद्यमनगरात गेली. पुढच्या चाकांना नंतरच्या अ‍ॅम्बॅसेडरचे डिस्क ब्रेक आणि त्याला जुळणारा मास्टर सिलिंडर बसवला. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर लवकर निवते. खर्च अकरा हजार. म्हणजे अडतीस हजार ज्या दिवशी घातले त्याच दिवशी हे अकरा हजार घालायला हवे होते, किंवा काहीच घालायचे नव्हते.

दुसरे राहिलेले काम कागदाचे. आर.सी. बुकात जुन्या इंजिनाचा नंबर तसाच होता. घाटात काही बरेवाईट झाले असते तर विमा कंपनीने त्या एका नंबरावर बोट ठेवले असते. दादाने आर.टी.ओ. कार्यालयात अर्ज केला, गाडी तपासणीला नेली, उशिराबद्दल बोलणी खाल्ली आणि नवा नंबर चढवून घेतला. ते १९९९ साल होते म्हणून झाले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले. कंपनीने दिल्यापेक्षा वेगळी गाडी आता मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. इंजिन निकामी झाले तर त्याच बनावटीचे, त्याच जातीचे बसवायचे आणि तेही आधी आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गावात जुन्या जीपला दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसवून देणारे अजून भेटतात. त्यांना पहिल्यांदा आर.सी. बुक दाखवा आणि मग ब्रेकविषयी विचारा.

अ‍ॅम्बॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. आबा त्याआधीच गेले. गाडीचे पार्ट आता शोधून आणावे लागतात, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तरी दादा तिला विकत नाही. गेल्या महिन्यात आम्ही दोघे पुन्हा करूळ उतरलो. दादाने साठी ओलांडली आहे. बावड्याला चहा झाल्यावर त्याने गाडी उभ्यानेच ब्रेक तीनदा दाबून पाहिला, दुसरा गिअर टाकला आणि वैभववाडीपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.