उपटू नका, आधी नाव विचारा!

पहिल्या पावसानंतर माझ्या बोरिवलीच्या बाल्कनीत गुलाबाशेजारी भलतंच काहीतरी उगवलं. रविवारी सकाळी मी ते मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी स्टेशनबाहेर गेले, तर डहाणूकडून लोकलने आलेल्या मावशींच्या टोपलीत तीच पानं! वीस रुपये जुडी.

‘टाकळा आहे ताई, कोवळा आहे तोवर खा.’

मी गप्प. आजीला ही नावं पाठ होती. मला कॉफीची दहा नावं येतात.

आता माझी एक कुंडी ‘तणां’साठी राखीव आहे. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. घोळ मातीलगत पसरते, त्यामुळे ओल टिकते. वर डाळ घालून मस्त भाजी. फक्त देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. आघाडा मंगळागौरीच्या पत्रीत लागतोच.

सोसायटीच्या बागेतलं मात्र खाऊ नका. आमच्याकडे तिथे तणनाशक मारतात. अनोळखी रोप दिसलं, की मी एक फांदी घेऊन मावशींना गाठते. आजीला विचारायचं राहून गेलं, म्हणून त्यांना विचारते.