डिझेलचा वारस

गाडीवेड्यांच्या प्रत्येक कंपूत असा एक जण असतोच. इलेक्ट्रिक की हायब्रिड हा वाद रंगात येतो, दुसरा चहा सांगून होतो आणि तो हळूच पुडी सोडतो, "अरे, पण डिझेल-हायब्रिड का आणत नाही कुणी? डिझेलचं ॲव्हरेज, वर मोटरची मदत. तीस कुठे गेलं नाही!" आमच्या कंपूत तो माणूस मी आहे.

माझ्याकडे अजून ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन आहे, ज्याला गाडीवाले थट्टेने देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. मूळ फियाटचं. पुंटोत ते होतंच, पण स्विफ्टमध्येही तेच आणि इंडिका व्हिस्टातही तेच. काही आपल्या रांजणगावला बनत, काही मानेसरला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि ते बंद पडलं. म्हणजे बनायचं बंद झालं, माझं चालू आहे. दोन हजार आरपीएमच्या खाली ते पेंगत असतं. कात्रजच्या जुन्या घाटात पुढे उसाचा ट्रक, आपण दुसऱ्या गिअरला, वळण सरलं की पाय दाबायचा. क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बो भरतो आणि पाठीत कुणी हात घालून ढकलावं तशी गाडी सुटते. हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याला पेट्रोल गाडी चालवताना सारखं वाटत राहतं की हँडब्रेक ओढलेलाच राहिलाय.

तर प्रश्न असा की, ही गाडी कुणी काढली नाही का? काढली होती. प्यूजोने २०१२ च्या सुमारास ३००८ मध्ये पुढच्या चाकांना डिझेल आणि मागच्या चाकांना मोटर अशी जोडी लावली. त्याच वर्षी व्होल्वोने व्ही-६० डिझेल प्लग-इन करून दाखवली. मर्सिडीझने तो नाद पुढेही सोडला नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये मारुतीची सियाझ 'एसएचव्हीएस' आली. कागदावर लिटरला २८.०९ किलोमीटर. तिला 'फेम' योजनेतून अनुदानही मिळत होतं. पण ते हायब्रिड नावापुरतंच. थांबलेलं इंजिन चालू करणारी आणि जरासा हातभार लावणारी मोटर, बस्स. २०१७ च्या एप्रिलपासून अनुदान गेलं, पाठोपाठ जीएसटीत हायब्रिडला वरच्या पंक्तीत बसवलं आणि २०२० मध्ये इंजिनच गेलं. आता फॉर्च्युनरला ४८ व्होल्टची जोड मिळाली आहे, पण तीही त्याच घराण्यातली. डिझेलच्या जोरावर दोन-चार किलोमीटर निव्वळ बॅटरीवर जाणारी, माझ्या स्वप्नातली परवडणारी गाडी काही आली नाही.

बरीच वर्षं मला हा कंपन्यांचा आळस वाटायचा. मग एकदा इंजिनांचे आलेख नीट बघत बसलो आणि उलगडा झाला. पेट्रोल इंजिनाची गोम अशी की, त्याला कमी ताकद हवी असली की हवेची वाटच चिंचोळी करावी लागते. तो थ्रॉटल अर्धवट मिटलेला, इंजिन त्यातून हवा ओढायला धडपडतंय आणि त्या धडपडीतच पेट्रोल जळतंय. पुण्याच्या विद्यापीठ चौकात रांगणारी पेट्रोल गाडी तहानलेली असते ती यामुळे. हायब्रिडचा बराचसा शहाणपणा या एका दुर्गुणावर बेतलेला आहे: रांगायचं काम मोटरला द्या, इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगातच राबवा, नाहीतर बंद ठेवा. डिझेलला हा दुर्गुण मुळातच नाही. तिथे हवा भरपूर येऊ देतात आणि फक्त इंधन कमी-जास्त करतात. त्यामुळे अर्ध्या ताकदीवर चालतानाही ते फारसं उधळत नाही. थोडक्यात, हायब्रिड जी बचत करून देतं त्यातली बरीचशी डिझेलने आधीच केलेली असते. दोन चिकट माणसांनी एकमेकांशी लग्न केलं म्हणून घरखर्च निम्म्यावर येत नाही. एकाने वाचवायचं ते दुसऱ्याने आधीच वाचवलेलं असतं. वर मांडवाचा खर्च दुप्पट. डिझेल इंजिन मुळात जड आणि महाग. त्यात धूर गाळायला डीपीएफ, नायट्रोजनची ऑक्साइडं आवरायला आणखी यंत्रणा. त्यावर बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर. एवढं करून हाती पडणार लिटरमागे दोन-तीन किलोमीटर.

डीपीएफची गोष्ट तर आमच्याच एका मित्राने भोगली आहे. बीएस-६ ने डिझेल गाडीच्या धुरातले कण किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणले. चांगलंच झालं. पण ते कण जातात कुठे? जाळीत अडकतात आणि जाळी तापली की जळतात. मित्राचं घर ते ऑफिस अंतर इतकं कमी की जाळी कधी तापायचीच नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा. सर्व्हिस सेंटरवाला पोरगा मख्ख चेहऱ्याने म्हणाला, "सर, हायवेला जरा पळवून आणा." तेव्हापासून हा गृहस्थ अधूनमधून रविवारी सकाळी चौथ्या गिअरला, रेस चढती ठेवून, खेड शिवापूरपर्यंत निव्वळ काजळी जाळायला जातो आणि बायकोला सांगतो की भाजी स्वस्त मिळते. आता कल्पना करा, हेच इंजिन दर सिग्नलला बंद करणारं हायब्रिड. जाळी कायमची थंडच.

कंपूतला एक जण रेल्वेवाला. तो म्हणतो, डिझेल-हायब्रिड हवंय ना, मग रुळांवर बघ. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं, तोवर गाड्या ओढणारी डिझेल इंजिनं चाकांना थेट जोडलेली नव्हतीच. डिझेल वीज बनवायचं, चाकं विजेवर फिरायची. खरं आहे, पण तिथे बॅटरीत साठवण नाही. एवढी ताकद पेलेल असा गिअरबॉक्स बनवण्यापेक्षा ते सोपं होतं इतकंच. खरं डिझेल-हायब्रिड शोधायचं तर माझगाव डॉकला जावं लागेल. तिथे बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेलवर बॅटऱ्या भरतात आणि पाण्याखाली बॅटरीवर चालतात. पहिली २०१७ च्या डिसेंबरात नौदलात आली, सहावी २०२५ च्या जानेवारीत. पण ॲव्हरेज विचारायची सोय नाही.

सातारच्या मित्राने पेट्रोल हायब्रिड घेतली तेव्हा आम्ही ती आंबेनळीने उतरवली. महाबळेश्वर ते पोलादपूर, जवळपास तेराशे मीटरचा उतार. शाळेतलं गणित आहे: चार माणसांसकट दीड टनाची गाडी एवढी खाली आणली की साधारण सव्वापाच युनिट वीज होईल इतकी ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीच चाकं आणि वारा खातो, तरी दोन-अडीच युनिटं पकडण्याजोगी उरतात. बॅटरी मात्र पाऊण युनिटाची! घाट निम्माही उतरलो नव्हतो आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या सगळ्या काड्या हिरव्या झाल्या. त्यानंतर इंजिन आपोआप गरगरायला लागलं. पेट्रोल जळत नव्हतं, नुसतं वेग आवरायला ते फिरवलं जात होतं. वाडा-कुंभरोशीपर्यंत उतारावर असूनही चढावर असल्यासारखा घोंगाट. मित्र बॅटरी भरल्याच्या आनंदात, आणि मी मनातल्या मनात वाया गेलेली युनिटं मोजतोय. पण पुण्यात परतल्यावर त्याने टाकीला टाकी लावून हिशेब दाखवला तेव्हा मी गप्प बसलो. भर गर्दीतही ती लिटरला बावीसच्या वर देत होती. माझं डिझेल शहरात तेवढं देत नाही. चालवायला मात्र ती गाडी मला परकीच वाटली. पाय दाबला की आवाज आधी पुढे जातो, गाडी मागून येते.

याउलट माझा मेव्हणा. गाड्यांचं त्याला काडीचं वेड नाही; इलेक्ट्रिक घेतली ती सोसायटीतल्या कुणीतरी घेतली म्हणून. त्याच्या गाडीची किल्ली मी उगाच, नाक मुरडतच घेतली होती. वारज्याच्या चढावर पाय दाबला आणि पाठीतला तो हात आला. टर्बो भरायची वाट न बघता, गिअर न टाकता, शून्यापासून. डिझेलमध्ये आपण ज्याला पुलिंग म्हणून मिरवतो त्याची इथे ददातच नव्हती. हे कबूल करायला जड जातं, पण डिझेलवाल्याच्या रक्तातलं जे आहे ते पेट्रोल हायब्रिडकडे गेलेलं नाही. ते इलेक्ट्रिककडे गेलंय. वारस तोच आहे, फक्त त्याचं वळण आपल्यासारखं नाही.

ते वळण कुठे बिघडतं तेही मेव्हण्याबरोबरच पाहिलं. दिवाळीत आम्ही देवगडला निघालो. वाटेत एका हॉटेलाच्या आवारात चार्जर. त्याला आधीच एक गाडी लागलेली, तिचा मालक जेवायला बसलेला, आणि त्याच्या मागे आणखी एक गाडी नंबर लावून. शेजारचा दुसरा चार्जर ॲपवर 'उपलब्ध' आणि प्रत्यक्षात काळा पडदा. बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या डब्यातनं आलो असतो तर एव्हाना घरी पोचलो असतो." डबा म्हणाली, तरी मला बरं वाटलं. टाकी फुल करून निघायचं आणि हजारेक किलोमीटर पंपाकडे वळूनही बघायचं नाही, ही डिझेलची मिजास इलेक्ट्रिकच्या वाट्याला गेलेली नाही.

निव्वळ पेट्रोलवाल्यांबद्दल मी फार बोलत नाही. सहा हजार आरपीएमला इंजिन किंचाळू लागलं की त्यांना जे होतं ते मला होत नाही. सध्या ते ई-२० ने चिडलेले आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं घसरणारच. कोल्हापूरचे माझे मामा उसवाले. त्यांच्यापुढे कुणी रडगाणं सुरू केलं की म्हणतात, "बिल भागू दे की लेका आमचं, एक किलोमीटर कमी पळली तर काय मरतोस व्हय?"

धुराचा हिशेब करायला बसलं की सगळ्यांचीच पंचाईत होते. देशातल्या एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. चार्जिंगमधली घट धरून इलेक्ट्रिक गाडीने शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिटं घेतली, तर किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आसपास झाले. लिटरला बावीस देणारी मित्राची हायब्रिडही १०५ च्या घरात. सतरा-अठरा देणारं डिझेल दीडशेला. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा जास्त कार्बन असतो, म्हणून लिटरवर मोजलेलं ॲव्हरेज आम्हा डिझेलवाल्यांना उगाच फुगवून दाखवतं. तरीही सरकारला विचाराल तर इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आणि मित्राच्या हायब्रिडला २०२५ च्या सप्टेंबरपासून ४०. आजच्या घडीला धूर जवळजवळ सारखा आणि करात आठपट फरक, हे मला पटत नाही. मात्र एक गोष्ट मेव्हण्याच्या बाजूची आहे. चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाचा वाटा जसा कमी होईल तशी त्याची गाडी घरी उभ्या-उभ्या स्वच्छ होत जाईल. आणि स्वारगेटला रस्ता ओलांडणाऱ्या पोराच्या नाकात ती आजही काही सोडत नाही. माझं डिझेल सोडतं, ते बीएस-४ चं आहे.

पुढच्या वर्षी माझ्या गाडीला पंधरा वर्षं होतात. आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, पाच वर्षांचं नूतनीकरण, सगळं करून ती ठेवणार आहे, देवगडसाठी. रोजच्या शहरातल्या फिरण्यासाठी दुसरी इलेक्ट्रिक घ्यायची, असं घरात ठरलंय. बायकोने रंगसुद्धा निवडलाय. अडलंय ते पार्किंगमधल्या मीटरवर. सोसायटीच्या चिटणीसांना मीटरच्या खोलीपासून माझ्या जागेपर्यंतची केबल कुणाच्या भिंतीवरून जाणार याची चिंता आहे, आणि ज्यांच्या भिंतीवरून ती जाणार त्या तळमजल्यावरच्या काकांकडे डिझेलची सफारी आहे. सभा पुढच्या रविवारी.