परक्या घरातला आपला माणूस

१२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात शेवटी दोघेच उरले, आणि दोघेही महाराष्ट्रातले. पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ, म्हणजे एमसी स्टॅन, आणि अमरावतीचा शिव ठाकरे. जिंकला स्टॅन. त्या दिवसांत वर्गात मुलांच्या तोंडी त्याचेच दोन शब्द होते, ‘हक से’ आणि ‘शेमडी’. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला हसू यावं अशीच ही जोडी. ‘हक’ अरबीतून उर्दूत आलेला, तर ‘शेमडी’ आपल्या शेंबडीची पुणेरी बहीण. मुलांना मात्र ते दोन भाषांचे शब्द वाटतच नव्हते.

लोक असे कार्यक्रम भांडणं बघायला लावतात, असं म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. भांडणं आपल्याला नळावर आणि लोकलमध्ये फुकट मिळतात. टीव्हीवरच्या त्या घरात दिसतं ते भांडणानंतरचं. सकाळी तोंड फिरवलेल्या दोघांना रात्री एकाच पातेल्यातलं जेवावं लागतं, कारण दार बंद असतं. शिव आणि स्टॅन यांच्या गटाला ‘मंडली’ म्हणायचे. स्टॅन घर सोडून जायची भाषा करायचा, तेव्हा सोबतीच त्याला थांबवायचे. लोक बघतात तो हा शेजार.

शेजाराची किंमत मीरा रोडला वेगळी सांगावी लागत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबं इकडे राहायला आली. आजही काशीगावात भाड्याने फ्लॅट बघायला गेलं, की दलाल बजेटच्या आधी नाव विचारतो. अशा ठिकाणी राहणाऱ्याला, एखादा अल्ताफ महिनोनमहिने सगळ्या जातीधर्मांच्या लोकांसोबत एका छपराखाली राहतो आणि बाहेरचे लोक ‘याला घरात ठेवा’ म्हणून मत देतात, हे बघायला आवडणारच.

डोंगरीचा मुनव्वर फारुकी २८ जानेवारी २०२४ ला सतरावं पर्व जिंकला. जेमतेम आठवड्यापूर्वी, २१ तारखेच्या रात्री, आमच्या नयानगरात तणाव झाला होता आणि नंतर दुकानांवर बुलडोझर चालले होते. याच मुनव्वरला जानेवारी २०२१ मध्ये इंदूरमध्ये विनोदांवरून अटक झाली होती, महिनाभराहून अधिक काळ तो तुरुंगात होता. त्याला निवडून देणारी मतं एका मोहल्ल्याची असूच शकत नाहीत. त्या आठवड्यात इथल्या पोरांनी त्याच्या विजयात त्याच्या विनोदापेक्षा हेच जास्त पाहिलं.

म्हणून हे कार्यक्रम भले आहेत, असं नाही. चोवीस तासांतला तासभर कापून दाखवतात. काय कापायचं ते वाहिनी ठरवते. मुनव्वरच्या खासगी नात्यांचाही तिथे तमाशाच झाला. आणि पडद्यावरचं प्रेम स्वस्त असतं. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आईबाप गेलेला सूरज चव्हाण ६ ऑक्टोबर २०२४ ला ‘बिग बॉस मराठी’ जिंकला. महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा ‘झापुक झुपूक’ चित्रपट आला, तो काही चालला नाही. मत द्यायला अंगठा पुरतो. तिकिटाला खिशात हात घालावा लागतो.

शेजाराला तर त्याहून जास्त लागतं. आपल्या मुलांना शिव ठाकरे आवडतो. पण काशीगावात गाववाल्यांच्या किती घरांची पायरी आपण चढलो, हे आपणही स्वतःला विचारायला हवं. आणि मोबाइलवर मुनव्वरला मत देणारे सोसायटीच्या बैठकीतही बसलेले असतात. तिथे कधीतरी एखाद्या शेखला फ्लॅट द्यायचा का, हा विषय निघतो. ते मत गुपचूप देता येत नाही. सगळ्यांच्या देखत हात वर करावा लागतो.