मुरुमांचे वण

आमच्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. गावातल्या तिच्या वयाच्या पाच-सहा बायांच्या तोंडावर ते होतेच, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि खड्ड्यांचा चेहरा आम्ही विसरून गेलो. आता तोच प्रश्न आमच्या घरात दुसऱ्या वाटेने आला आहे.

आमची भाची सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दहावीपासून तिला मुरूम. नखाने कुरतडायची सवय. मुरूम ओसरले, गालांवर खड्डे राहिले. वधू-वर मेळाव्यात नाव नोंदवायचे तर फोटो हवा, आणि फोटो काढायला ती तयार होईना. आम्ही समजूत घातली, "अगं, तू शिकलेली आहेस, कमावती आहेस." तर म्हणते, "मामा, मग स्थळाकडचे आधी फोटोच का मागतात?" आम्ही गप्प बसलो.

त्याआधी तिने परस्पर एक ट्यूब आणली होती. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळला, मैत्रिणींनी विचारले काय लावतेस म्हणून. दोन महिन्यांनी कातडी लाल, ओठावर लव, आणि बारीक पुटकुळ्यांचा नवा पूर. लावणे थांबवले की आग होई, म्हणून पुन्हा लावायची. ते स्टेरॉइडचे मलम होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. तरी ती काउंटरवर मिळतात, हे आपण सगळे जाणतो. भगिनींनो, शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब आपल्या मुलीला लावू नका.

त्यातच चौकातल्या एका पार्लरमध्ये तिला 'लेझर'चे पॅकेज सांगितले. पैसे भरायच्या आदल्या दिवशी आम्ही तिला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचा विभागात नेले. रांग मोठी होती, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निवांत समजावून सांगितले.

काळा डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. डाग सपाट असतो, उन्हापासून जपले तर काही महिन्यांत फिका पडतो. खड्डा मलमाने भरत नाही, कारण आतली कातडीच कमी झालेली असते. सुईने टोचल्यासारखे खोल, अरुंद खड्डे असतील तर काडीने तेवढ्याच जागी तीव्र आम्ल लावतात. पसरट, लाटेसारखे असतील तर सुई आत घालून कातडीला खाली ओढून धरणारे धागे तोडतात. बारीक सुयांचे यंत्र आणि लेझर यांचे काम एकच: जखम मुद्दाम करायची आणि ती भरून येताना नवी कातडी धरू द्यायची. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने चार-सहा बैठका लागतात. फरक पडतो, पण चेहरा पहिल्यासारखा गुळगुळीत होत नाही. आमच्यासारख्या सावळ्या कातडीला लेझर जोरात बसला की काळे चट्टे उठतात आणि ते महिनोन्महिने राहतात. म्हणून यंत्र कुणाच्या हातात आहे हे आधी पाहायचे. चालू मुरूम बसल्याशिवाय यातले काहीच करायचे नाही. घरी आणलेला सुयांचा रोलर बहिणी-बहिणींनी वापरणे तर फारच वाईट, रक्तातून रोग जातात.

अकोल्यात २०२२ साली एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा आजार जडला. त्या गोरेपणाचे मलम लावीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासले तेव्हा त्या मलमात पारा निघाला. ('फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' २०२० साली गेला. लोकांच्या डोक्यातला कुठे गेला?)

आमचे एक स्नेही म्हणाले, हे नटण्या-मुरडण्याचे चोचले आपल्याला कशाला? आम्हांस हे पटत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरचे ते जड दागिने टाका, असे सांगितले होते. आपण कसे दिसतो हा चोचला नव्हे, मानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. मुलीला आरशासमोर उभे राहावेसे वाटत नसेल तर तिचा पगार त्यावर खर्च होण्यात वावगे काय? फक्त तो खर्च गोरे होण्यासाठी नको आणि अडाणी हातात नको.

भाचीने पार्लरला नाही कळवले. ट्यूब डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बेताबेताने सुटली, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत. कंपनीची गाडी धरायला निघताना ती तोंडाला उन्हाचे क्रीम लावते, वर ओढणी बांधते. सुयांची पहिली बैठक दिवाळीनंतर ठरली आहे. पैसे तिच्या भिशीतून भरणार आहे. आम्ही देऊ केले, तिने घेतले नाहीत.