अण्णांची हत्यारपेटी

या धाग्यांत आजवर किल्ले आले, ताम्रपट आले, मोडी पत्रे आली. आजचे साधन नाशिकच्या सिडकोतील आमच्या गॅलरीत ठेवलेले आहे. सागवानी फळ्यांची, दोन फूट लांबीची, कडी तुटलेली एक पेटी. आत माझ्या आजोबांची हत्यारे आहेत. आजोबांना आम्ही अण्णा म्हणतो. ते जातीने आणि धंद्याने सुतार.

तीन वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा बाबांनी ही पेटी भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवली होती. लोखंड वेगळे, लाकूड वेगळे, असा वजनावर भाव ठरलाही होता. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि ‘इतिहासाची साधने’ हा पेपर नुकताच सुरू झाला होता. पेटी मी उचलून आत आणली. अण्णा खाटेवर बसून पाहत होते. ‘ठेव’ असे ते म्हणाले नाहीत, ‘जाऊ दे’ असेही म्हणाले नाहीत.

लहानपणी खंडेनवमीला ही पेटी उघडली जाई. हत्यारे धुऊन, पुसून पाटावर मांडायची आणि त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुले वाहायची. कुंकू लावण्याचा मान मला मिळे. वाकस हातात घेण्याचा मात्र कधी मिळाला नाही. मुलीच्या हाती वाकस कशाला, असा प्रश्नही कोणी विचारत नसे, इतके ते उघड होते.

आता पेटीत काय काय आहे ते पाहू. लेखी साधन वाचताना आपण आधी शब्दांपाशी थांबतो. येथेही तसेच करावे, कारण या पेटीतील शब्द हत्यारांहून जुने आहेत.

‘करवत’ संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आली. ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’ या शब्दाचा झिजलेला अवतार. हाती मापाचे सूत धरणारा तो सूत्रधार. नाटकातला सूत्रधार पुढे प्रतिष्ठित झाला, लाकडावरचा मात्र गावगाड्यात अडकला. याउलट ‘रंधा’ फारसी ‘रंदा’पासून आलेला आहे. रेघ आखण्याच्या हत्याराला अण्णा ‘खतकस’ म्हणतात. त्यात फारसी ‘खत’ म्हणजे रेघ आणि ‘कश’ म्हणजे ओढणारा. काटकोन तपासण्याचा ‘गुण्या’ तर त्याहून लांबचा प्रवासी. फारसी ‘गूनिया’ आणि तिच्यामागे कोनासाठी असलेला ग्रीक शब्द ‘गोनिया’. निफाड तालुक्यातील एका खेड्यातला सुतार ‘गुण्या दे’ म्हणतो तेव्हा तो नकळत ग्रीक बोलत असतो.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. शब्द फारसी आहे म्हणून वस्तूही तिकडूनच आली, असे सिद्ध होत नाही. सुलतानी आणि मुघल काळात कारखान्यांची, दरबाराची भाषा फारसी होती. जुन्या वस्तूला नवे नाव चिकटणे तेव्हा सहज शक्य होते. रंधा स्वतः फार जुना आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधा सापडला आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरील सुताराच्या सामानातही रंधे होते. पोलादी रंधा त्या मानाने अगदी अलीकडचा. अमेरिकेतील लिओनार्ड बेलीचे हक्क स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतले आणि तो नमुना पुढे जगभर पसरला. अण्णांकडे तसला एकही रंधा नव्हता. त्यांचे तिन्ही रंधे लाकडी आणि त्यांनीच घडवलेले. दोघांना वाळवीने खाल्ले होते. तिसऱ्याचे पाते गंजून कागदासारखे झाले होते.

म्हणून मी नवा रंधा करायला घेतला.

हा निर्णय वाचायला सोपा वाटतो, पण आमची गॅलरी आठ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. तीत कपडे वाळतात. खालच्या मजल्यावरच्या काकू ठोकण्याच्या आवाजाने दोनदा वर येऊन गेल्या. व्हिडिओ पाहून मी प्रथम विदेशी पद्धतीचे उंच बाक करण्याच्या मागे लागले आणि त्यात दोन महिने घालवले. अण्णा एकदाच म्हणाले, “ताई, बाक कशाला? पाय नाहीत का?” आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पकडीत लाकूड धरून काम करत आला आहे. लॉकवुड किपलिंग (लेखक रुडयार्ड किपलिंगचे वडील, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक) यांनी १८७० च्या सुमारास देशी कारागिरांची रेखाचित्रे काढली. काम करताना त्यांचे सारे शरीरच कसे हत्यार होते, हे त्या चित्रांत दिसते. मला अभ्यासक्रमात ती चित्रे ‘वसाहतकालीन दृष्टी’ या सदराखाली शिकवली गेली. मांडी कशी घातली आहे, टाच कोठे टेकली आहे, याकडे वर्गात कोणाचे लक्ष गेले नव्हते. माझेही नाही.

रंध्याच्या ठोकळ्यासाठी बाभूळ हवी. दिंडोरीकडील एका मैत्रिणीच्या शेतात मोडलेली बैलगाडी पडून होती. तिच्या दांडीचा हातभर तुकडा मिळाला. वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून ते लाकूड असे कठीण झाले होते की पटाशी त्यावरून घसरे. तोंडाचा उतार ४५ अंशांचा धरला. पाते बसवायचे आणि पुढून पाचर मारायची, इतकी सोपी ही रचना आहे. तरी ती खाच सरळ उतरवायला मला अकरा संध्याकाळी लागल्या.

पाते जुन्या कानशीपासून केले. कानशीचे पोलाद उत्तम असते, पण ते फार ठिसूळ. म्हणून आधी तापवून हळूहळू थंड करायचे, मग घासून आकार द्यायचा, मग पुन्हा लाल करून विझवायचे. पोलाद पुरेसे तापले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. साधारण ७७० अंश सेल्सिअसला हे घडते. हे मी वाचले होते. विझवायचे कशात हे मात्र नीट वाचले नव्हते. तापलेले पाते बादलीभर पाण्यात घातले आणि ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. मधोमध केसाएवढी चीर. तीन आठवड्यांचे घासकाम त्या एका आवाजात गेले. दुसरे पाते गोडेतेलात विझवले आणि मग स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये २०० अंशांवर ठेवून त्याचा ताठा थोडा उतरवला. आईने पुढे आठवडाभर त्या ओव्हनमध्ये काही केले नाही.

याच सुमारास मी समाजमाध्यमावर पेटीचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, ‘माझा नवा छंद, माझा वारसा’. खूप कौतुक झाले. ते मी अण्णांना वाचून दाखवले.

अण्णा म्हणाले, “छंद पोट भरलेल्याचा असतो.”

मग ते बराच वेळ बोलले. एवढे सलग बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बलुतेदारांची रचना समजून घ्यायला आपण सगळे तो वाचतो. सुतार हा त्यातील थोरल्या ओळीचा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर वर्षभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचे. लाकूड कुणब्याचे, हात सुताराचे. परीक्षेत मी याला ‘परस्परावलंबी ग्रामव्यवस्था’ असे लिहून आले होते आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते.

अण्णांच्या बोलण्यात खळे होते. दहा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर पोते घेऊन जात. खळ्याच्या कडेला उभे राहायचे. मालकाचे जेवण होईपर्यंत थांबायचे. मागच्या साली दुरुस्त केलेली पाभर पुन्हा मोडली असेल तर ते सर्वांदेखत ऐकून घ्यायचे. मग सुपाने धान्य पडायचे. किती पडेल ते मालकाच्या त्या दिवशीच्या मनावर. आम्हाला शिवाशिवीचा जाच नव्हता, तो ज्यांना होता त्यांना खळ्याच्याही पलीकडे उभे राहावे लागे, हेही त्यांनीच सांगितले. १९७२ च्या दुष्काळात खळेच भरले नाही. मग कोण कोणाला बलुते देणार? अण्णा ही पेटी डोक्यावर घेऊन नाशिकला आले. पुढे सिडकोची घरे उभी राहू लागली आणि दारे-खिडक्यांच्या चौकटींवर आमचे घर चालले. रोजाने काम, शनिवारी पगार. “त्या पगाराला कोणापुढं उभं राहावं लागलं नाही,” असे ते म्हणाले. बाबांना त्यांनी रंधा शिकवला नाही. मुद्दामच. बाबा सातपूरच्या कारखान्यात लागले तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

म्हणजे पेटी भंगारात काढणारे बाबा बेफिकीर नव्हते. ते आपल्या वडिलांचीच इच्छा पुरी करत होते. मी ती आत आणली तेव्हा अण्णा गप्प का राहिले, ते मला तेव्हा कळले. छायाचित्राखालील ओळ मी त्या रात्री काढून टाकली. दुसरी सुचली नाही, म्हणून हा धागा.

गेल्या हिवाळ्यात अण्णांना त्रिरश्मी लेण्यांवर, आपल्या पांडवलेण्यांवर, घेऊन गेले. थांबत थांबत पायऱ्या चढलो. मी माझ्या तयारीने गेले होते. दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख त्यांना समजावून सांगितला. त्याने ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज. कारागिरांची संघटना बँकेसारखी काम करत होती, हे मी जरा अभिमानाने सांगितले. अण्णांनी मान डोलावली. खरे ते थबकले अठराव्या लेण्यापुढे, चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी.

“हे कड्यांचे डोके आहेत,” ते वर बोट दाखवून म्हणाले. “दगडात कड्या कशाला काढल्या? दगडाला कडी लागती व्हय?”

पाठ्यपुस्तकात हा एक परिच्छेद आहे: आरंभीच्या लेण्यांत लाकडी वास्तूंची हुबेहूब नक्कल आढळते. अण्णांनी तो वाचलेला नाही. कमानीच्या आत बाहेर आलेली दगडी टोके पाहताच त्यांना त्यामागचे लाकूड दिसले. कोणती कडी कोणत्या तुळईवर टेकली असेल हे ते हाताने हवेत दाखवू लागले. मी त्यांना कार्ल्याविषयी सांगितले. तेथील चैत्यगृहाच्या छताला आजही प्राचीन लाकडी फासळ्या आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्री आहे. शिवाय तेथे एक लेख आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या ‘वढकी’ने, म्हणजे सुताराने, दर्शनी दरवाजा केल्याचा. वेणुवासाचा पुत्र, असे बापाचे नावही त्यात आहे. हिंदीतला ‘बढई’ याच शब्दाचा वंशज.

“नाव लिव्हलंय त्याचं?” अण्णांनी विचारले. “बापाचं पण?”

हो म्हणाले. ते पायरीवर बसले आणि पाण्याची बाटली मागितली. खाली उतरेपर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही. आपल्या नाशिकचा सरकारवाडा घ्या, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल घ्या. सुरूच्या खांबांवर, महिरपींवर, कडीपाटावर किती हात राबले असतील. कोणी बांधवले ते आपल्याला पाठ असते.

रंधा मागच्या महिन्यात पूर्ण झाला. जुन्या कडीच्या सागवानी ढलपीची पाचर केली, पाते बसवले, तळाला तेल चोळले. अण्णांच्या हाती दिला. त्यांचे हात आता थरथरतात. तरी त्यांनी गॅलरीत फतकल मारली, फळी टाचेखाली धरली आणि एकच हात ओढला. ढलपी निघाली, पण मागे लाकडाचे तंतू उचकटले.

“तोंड मोठं झालंय,” ते म्हणाले. “ढलपीला दाबायला पुढं काही नाही. म्हणून लाकूड फाटतं.”

मला वाटले, ठोकळा वाया गेला. पण त्यांनी पेटीच्या तळातून शिसवीचा एक पातळ तुकडा काढला. तोंडाच्या पुढे तळात खाच घेऊन हा तुकडा बसवायचा, म्हणजे फट आवळते. हा तुकडा त्यांनी कशासाठी आणि किती वर्षे जपून ठेवला होता, कोण जाणे. खतकसाने त्यांनी रेघ मारली. ती थोडी वाकडी गेली. पुसून पुन्हा मारली. मग पटाशी उचलली, क्षणभर हातात तोलली आणि माझ्या हातात दिली.

“तू मार. मी धरतो.”

खालच्या काकू अजून वर आलेल्या नाहीत.