माहेरी परतणारा मासा

जपानच्या निईगाता प्रांतातील मुराकामी हे मिओमोते नदीकाठचे जुने सामुराईंचे नगर. हिवाळ्यात तेथे घरोघरी वळचणीला खारवलेले सॅमन मासे शेपटीने टांगलेले दिसतात. त्यांचे पोट मात्र मधोमध थोडे न चिरता राखलेले असते. पोट चिरणे या गावाला अशुभ वाटते. हा मासा समुद्रातून जन्मनदीकडेच परततो, हे अठराव्या शतकात आओतो बुहेइजी या सामुराईने ओळखले आणि त्याच्या विणीसाठी नदीला वेगळा प्रवाह काढून दिला.

खाणावळीतल्या आजींनी सोया सॉस, साखर व मिरिन हे तांदळाचे गोडसर मद्य आटवून घरीच 'तेरियाकी' केली. 'तेरी' म्हणजे चकाकी, 'याकी' म्हणजे भाजणे. वाफाळत्या भातावर तो तुकडा खरोखरच चकाकत होता. कित्येक पिढ्या परमुलखात रुजलेल्या घरातला मी. पहिला घास घेताना क्षणभर थबकलो.